लेबल वाचण्याआधी पुळ्या नेमक्या कुठं आहेत ते बघा (बेळगावकडचा अनुभव)

अनगोळकरीण

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसतं वाचते. आज लिहायला घेतलं, कारण गेल्या काही महिन्यांत लेकीच्या तोंडावरच्या पुळ्यांपायी घरात जे झालं ते आपल्या भागातल्या आयाबायांना सांगावंसं फार वाटतंय.

लेक दहावीत आहे. पावसाळ्याच्या तोंडाला तिच्या कपाळावर बारीक दाणे उठले. लाल नव्हते, दुखतही नव्हते. कातडीच्याच रंगाचे, हात फिरवला की रव्यासारखे लागायचे. महिन्याभरात त्यातले काही पिकले. ती केस पुढं ओढून कपाळ झाकायला लागली. शाळेत वर्गाचा फोटो होता त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिली, आणि पोट काही दुखत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की याचा छडा लावायचाच.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. साहजिकच आधी वाचन केलं. रंध्रं तुंबवणाऱ्या घटकांच्या याद्या मोबाइलवर ढिगानं मिळतात. प्रत्येक घटकाला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे निर्धोक, पाच म्हणजे हात लावू नका. घरातल्या सगळ्या डब्या, ट्यूबा, बाटल्या खिडकीपाशी मांडल्या. अक्षरं इतकी बारीक की फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं. आयसोप्रोपिल मायरिस्टेट, पाच. कोकोआ बटर, चार. सिटेरिल अल्कोहोल, दोन. अकरातल्या नऊ वस्तू दोषी निघाल्या, सनस्क्रीनसुद्धा. सगळं पिशवीत भरून बाजूला टाकलं. लेकीनं सहा आठवडे साध्या पाण्यानं तोंड धुतलं. गाल कोरडे पडून सोलले आणि कपाळावरचे दाणे होते तसेच राहिले.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वहीच्या पानावर तिच्या तोंडाचं चित्र काढलं, केसांची कड, भुवया, नाक, हनुवटी. रोज सकाळी नवा दाणा दिसला की तिथं तांबड्या पेनानं टिंब. चौदा दिवसांनी पान समोर धरलं तर टिंबांचा एक पट्टा तयार झालेला, केसांच्या कडेपासून खाली दोन बोटं आणि दोन्ही कानशिलांवर. गालावर दोन टिंबं, हनुवटीवर एक. नाकावर काहीच नाही.

क्रीम तर ती सगळ्या तोंडाला लावत होती. दोष क्रीमचा असता तर गाल कोरे कसे राहिले असते?

केसांच्या कडेला वेगळं काय होतं, तर तेल. आमच्याकडं सासूबाई रोज रात्री नातीच्या डोक्याला खोबरेल चोळतात, दोन वेण्या घालतात आणि ती तशीच झोपते. उशीचा अभ्रा काढून उजेडात धरला. मधे पांढरा होता, दोन्ही कडांना पिवळट, आणि वास सरळ खोबरेलाचा.

हे कुणालाच माहीत नव्हतं असंही नाही. केसांना पोमेड नावाचं जाड मलम लावणाऱ्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या कपाळावर अशाच पुळ्यांचा पट्टा दिसतो, हे प्लेविग, फुल्टन आणि क्लिगमन या कातडीच्या डॉक्टरांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय. त्या मुरुमांना पोमेड अ‍ॅक्ने म्हणतात. आपल्याकडं पोमेडच्या जागी तेल, एवढाच फरक.

आता रंध्र तुंबतं म्हणजे काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. तिचं तेल त्याच नळीतून वर येतं. नळीच्या आतली कातडी सतत झडत असते. या झडलेल्या पेशी तेलात मिसळून चिकट झाल्या की तोंडाशी बूच बसतं. वरून बंद असेल तर तो पांढरा दाणा. तोंड उघडं असेल तर बुचाचा वरचा भाग काळा पडतो. तो मळ नव्हे, त्यात मेलॅनिन असतं. त्यामुळं घासून काळे ठिपके जात नाहीत, उलट कातडी चिडते. बुचाखाली क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू वाढले की सूज येते, पू होतो. बाहेरून लावलेला पदार्थ हे बूच बसायला मदत करतो तेव्हा त्याला कॉमेडोजेनिक म्हणायचं.

आणि त्या शून्य ते पाचच्या याद्या कुठून आल्या? सशाच्या कानातून. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ दोनेक आठवडे लावायचा आणि बुचं किती बसली ते बघायचं. क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्ये याच पद्धतीनं सौंदर्यप्रसाधनांनी होणाऱ्या मुरुमांवर लिहिलं. १९८९ मध्ये फुल्टन यांनी पुष्कळ घटकांची गुणांसकट यादी छापली. आज मोबाइलवर फिरणाऱ्या बहुतेक याद्या फिरून फिरून तिथंच पोचतात. सशाचा कान माणसाच्या तोंडापेक्षा कितीतरी हळवा असतो, पदार्थ बहुतेक वेळा जास्त प्रमाणात लावलेला असतो, आणि क्रीममध्ये तोच घटक शंभरात दोन भाग असला तर गोष्टच वेगळी. २००६ मध्ये ड्रेलोस आणि डिनार्डो यांनी असे बदनाम घटक असलेली तयार प्रसाधनं माणसांच्या पाठीवर लावून बघितली, तर त्यांनी बुचं बसलीच असं झालं नाही.

त्यामुळं यादी खोटी नसली तरी ती पहिली पायरी नव्हे. पहिली पायरी म्हणजे ते वहीचं पान.

सासूबाईंना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या तेलानं पोरीचं तोंड बिघडलं?" दिवसभर स्वयंपाकघरात बोलल्या नाहीत. मी रात्री त्यांच्याजवळ बसले, वही दाखवली. म्हटलं, "आई, तेल बंद करायचं नाही. वेळ आणि जागा बदलू या." आता शनिवारी संध्याकाळी तेल, केसांच्या कडेपासून दोन बोटं सोडून, आणि तासाभरानं न्हाणं. रात्री डोकं कोरडं. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलायचा.

नऊ आठवड्यांत पट्टा जवळजवळ गेला. सगळं श्रेय तेलाला देत नाही, कारण मध्येच कातडीच्या डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांनी रात्री लावायला मुरुमाचं मलम, ०.१ टक्का अ‍ॅडापलीन दिलं. पण तेलाचं सांगितल्यावर तेही म्हणाले, हे थांबवलं नसतं तर औषध नुसतं पळत राहिलं असतं.

तुमच्याकडं कुणाचा पट्टा कुठं आहे? लिहा.

उद्यमबागटर्नर

बाई, मनातलं बोललात. मी उद्यमबागेत कारखान्यात लेथवर टर्निंगला हाय, सात वर्सं झाली. तोंड माझं साफ हाय. पण दोन्ही हात कोपरापर्यंत आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला काळे ठिपके, मधेच गळवं. घरात सगळे म्हणूलेत की उष्णता झालीय, ताक पी. ताक पिऊन पिऊन कंटाळलो.

तुमचं वाचून पॅन्ट काढून बघितली. जिथं मशीनला टेकून उभा राहतो तिथंच कापड तेलानं कडक झालंय आणि त्याच्याच मागं पुळ्या. हे तेलानंच म्हणायचं का?

अनगोळकरीण

दादा, होय, याला ऑइल अ‍ॅक्नेच म्हणतात आणि कारखान्यातल्या कामगारांत हा फार जुना आजार आहे. पाणी घातलेल्या पांढऱ्या कूलंटपेक्षा बिनपाण्याच्या कटिंग ऑइलनं (त्याला नीट ऑइल म्हणतात) तो जास्त होतो. कूलंटनं बहुतेकदा खाज आणि पुरळ उठतं. तुम्ही कोणतं वापरता?

उद्यमबागटर्नर

नीट ऑइल. आणि हात पुसायला वेस्ट, म्हणजे सुताचा गुंता, तेच वेस्ट दिवसभर खिशात.

अनगोळकरीण

ते वेस्ट आधी खिशातून काढा. त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो, तो कातडीला ओरखडे पाडतो आणि तेल आत जायला वाट मिळते. हात रॉकेल किंवा थिनरनं धुऊ नका, साबणानंच धुवा. मशीनपुढं तेल न झिरपणारा एप्रन बांधा आणि पॅन्ट रोज धुतलेली घाला. घरच्या कपड्यांत ती भिजवू नका. गळवं येतायत म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि काम काय करता ते त्यांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं धरून चालू नका.

खानापूररानातला

ताई, तुमच्या लेकीचं बरं झालं याचा आनंद आहे. पण खोबरेलाला असं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. आमच्याकडं चार पिढ्या खोबरेल लावतात. माझ्या आजीचं तोंड ऐंशीव्या वर्षी आरशासारखं होतं. खोबरेलात लॉरिक अ‍ॅसिड असतं आणि ते मुरुमाचे जंतू मारतं, हे प्रयोगांत दिसलंय. ते तुम्ही लिहिलंच नाही.

अनगोळकरीण

दादा, राहिलं खरं, आता लिहिते. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं. प्रयोगशाळेत ते मुरुमाच्या जंतूंना मारतं हेही खरं. पण प्रयोगात वापरतात ते मोकळं लॉरिक अ‍ॅसिड. बाटलीतल्या तेलात ते ग्लिसरॉलशी बांधलेलं असतं, आणि बूच आधी बसतं, जंतू मागून येतात. आजींचं तोंड चांगलं होतं यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही. मुरुमाकडं कल सगळ्यांच्या कातडीचा नसतो. ज्यांचा नसतो त्यांनी खोबरेल तोंडाला लावलं तरी काही होत नाही. कोरड्या कातडीला, थंडीत फुटलेल्या टाचांना ते उत्तमच आहे, माझ्याही टाचांना तेच असतं. मी बोलतेय ते पंधरा-सोळा वर्षांच्या, तेलकट तोंडाच्या पोरांच्या कपाळाबद्दल.

अथणीकडची

आमच्याकडं करडीचं तेल असतं, डोक्याला पण तेच. ते चालतं काय?

अनगोळकरीण

करडीत लिनोलिक अ‍ॅसिड भरपूर, खाण्याच्या साध्या करडी तेलात सुमारे पाऊण हिस्सा. मुरुमं येणाऱ्या लोकांच्या त्वचेच्या तेलात लिनोलिकचं प्रमाण कमी असतं हे अभ्यासात दिसलंय. म्हणून कागदावर करडी खोबरेलापेक्षा बरी. पण म्हणून ती तोंडाला चोळून फायदा होईल असं मी सांगणार नाही. डोक्याला लावा, धुवा.

शहापूरचीमाई

मी पहिल्यांदाच लिहितेय. काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मार्गशीर्षात ठरलंय. उन्हाळ्यात तिला गालावर थोड्या पुळ्या आल्या आणि त्यांचे डाग राहिले. ओळखीच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही. "गोरं पण करतंय आणि डाग पण घालवतंय," एवढंच सांगितलं. पहिल्या आठवड्यात खरंच जादू झाली. डाग उजळले, पुळ्या बसल्या, तोंड काचेसारखं. गल्लीतल्या दोघींनी नाव लिहून घेतलं. तिनं रोज रात्री लावायला सुरुवात केली.

चौथ्या महिन्यात ट्यूब संपली आणि तीन-चार दिवस आणायची राहिली, तर तोंड पेटल्यासारखं लाल झालं. सगळ्या गालांवर सारख्या आकाराच्या बारीक लाल पुळ्या उठल्या, मोहरी पसरावी तशा. ओठांवर लव आली. उन्हात गेली की डोळ्यांत पाणी यावं इतकी आग. परत ट्यूब लावली की दोन तासांत शांत. म्हणून परत लावली. आता ती ट्यूबशिवाय घराबाहेर पडत नाही.

आम्ही इतके दिवस तिच्या फेसवॉशवर आणि पावडरवर दोष ठेवत होतो. घटक बघून तीन फेसवॉश बदलले. ट्यूब औषधाची, म्हणून ती वाचलीच नाही. आज वाचली. त्यावर लिहिलंय हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं काय वाईट? आणि लग्नाला अडीच महिने राहिलेत.

निपाणीऔषधवाला

माई, मी पंचवीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो. तुमचं वाचून फार वाईट वाटलं, कारण ही ट्यूब लोक माझ्या काउंटरवरही येऊन नावानं मागतात आणि मी नाही म्हटलं की दुसरीकडं जातात.

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, सूज दबते, म्हणून पहिल्या आठवड्यात तोंड उजळतं. ही तीन औषधांची ट्यूब वांगाच्या डागांसाठी डॉक्टर देतात, तीही थोडे आठवडे आणि देखरेखीत. महिनोन् महिने लावली की कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात, लव वाढते, सारख्या आकाराच्या पुळ्या येतात. थांबवली की आग होते आणि माणूस पुन्हा ट्यूबकडं वळतो. कातडीचे डॉक्टर याला स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा असंच म्हणतात, आणि आपल्या देशात हे इतकं वाढलं की २०१८ मध्ये केंद्र सरकारनं लावायच्या चौदा स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये आणलं. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नाहीत. तुम्हाला ज्यानं दिली त्यानं चूक केली, हे आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मी स्पष्ट सांगतो.

सगळ्यांसाठी एक खूण सांगतो. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव ट्यूबवर दिसलं तर ती तोंडाला स्वतःच्या मनानं लावायची नाही. गजकर्णाच्या म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ मलमांतही हीच असतात. कन्नड येत नाही, इंग्रजी वाचता येत नाही म्हणून लाजू नका. दुकानदाराला विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" हा शब्द सगळीकडं कळतो.

आणि माई, ट्यूब आज एकदम फेकू नका असं मी म्हणत नाही आणि चालू ठेवा असंही म्हणत नाही. कशी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. याच आठवड्यात जा. जाताना ट्यूब बरोबर न्या आणि किती महिने लावली ते लपवू नका.

अनगोळकरीण

माई, औषधवाल्या दादांनी सांगितलं तसंच करा. मी एकच जोडते. या तीन औषधांच्या मिश्रणाची मूळ कल्पना १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी मांडली. तेच सशाच्या कानाचे क्लिगमन. मुरुमावर ट्रेटिनॉइन आणण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. आणि त्यांनीच फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्याबद्दल पुढं त्यांच्यावर कडक टीका झाली. त्यांच्या मूळ मिश्रणात मोमेटासोनच्या जागी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होतं. बहिणीला वांग नव्हताच. पुळीचे डाग होते, ते उन्हापासून जपलं की काही महिन्यांत आपोआप फिके होतात. तिला चार महिने ज्याची गरज नव्हती ते लावायला लागलं, याचा मला फार राग येतो.

तुमच्या बहिणीचा पट्टा बघा. जिथं जिथं ट्यूब लावली तिथं तिथं पुळ्या. कपाळ कोरं असेल.

शहापूरचीमाई

कपाळ कोरं आहे. आत्ता जाऊन बघितलं.

कंग्राळीचामल्ल

राम राम. तालमीत जातो. पाठीवर आणि छातीवर पुळ्या, सगळ्या एकसारख्या, आणि घाम आला की खाज सुटते. तोंडावर काही नाही. मेहनतीनंतर तेलानं मालिश असतंय, ओल्या बनियनवरच घरी येतोय. एका ओळखीच्यानं मुरुमाच्या गोळ्या दिल्या, त्यानं वाढलं. खुराकातल्या दुधानं होतंय काय?

संकेश्वरसिस्टर

भाऊ, मी त्वचेच्या ओपीडीत काम केलंय. खाज हा शब्द महत्त्वाचा. साध्या मुरुमाला सहसा खाज नसते. एकसारख्या, खाजणाऱ्या, पाठीवर-छातीवर, घामात वाढणाऱ्या आणि अँटिबायोटिकनं जास्त होणाऱ्या पुळ्या असतील तर मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा संशय घ्यावा. ही बुरशी प्रत्येकाच्या अंगावर असते आणि तेलातल्या चरबीवर जगते. तुम्ही तिला मालिश करून रोज जेवण वाढताय आणि वरून ओलं बनियन. डॉक्टरांना दाखवा, ते बहुतेक कीटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध देतील. तोवर मेहनत झाली की लगेच आंघोळ आणि कोरडे कपडे. मालिश करायचीच असेल तर ती आंघोळीआधी उरका.

दुधाचं म्हणाल तर दूध आणि मुरुमं यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, व्हे प्रोटीनच्या पावडरीचाही. पण तुमचं लक्षण वेगळं आहे, खुराक लगेच मोडू नका.

हिंडलगाहून

मला पाचवा महिना आहे. हनुवटीवर पुळ्या आल्यात. वर अ‍ॅडापलीनचं नाव वाचलं, बहिणीकडं ट्यूब आहे. लावू का?

संकेश्वरसिस्टर

नको. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड कुळातली औषधं, गरोदरपणात टाळायचीच. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड या काळात डॉक्टर देतात, पण तेही तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना विचारूनच. कुणाचीही उरलेली ट्यूब वापरू नका.

वडगावविणकर

सगळं पटलं. पण दुकानात उभं राहिल्यावर शेवटी डबीवर काय बघायचं? 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं घ्यायचं की नाही?

अनगोळकरीण

त्या शब्दाला कायद्यात ठरलेली व्याख्या नाही. कंपनीनं कशी चाचणी केली हे डबीवरून कळत नाही. तरी दोन सारख्या वस्तूंतली एक निवडायची असेल तर मी ती घेते.

घटकांच्या यादीत एक टक्क्यापेक्षा जास्त असलेल्या वस्तू प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहाव्या लागतात, त्याखालच्या कुठल्याही क्रमानं. म्हणून पहिली पाच-सहा नावं महत्त्वाची. खोबरेल तिथं कोकोस न्युसिफेरा या नावानं असतं, कोकोआ बटर थिओब्रोमा ककाओ. ती दोन किंवा आयसोप्रोपिल मायरिस्टेट, आयसोप्रोपिल पामिटेट पहिल्या ओळीत असतील आणि तोंडावर तासन्‌तास राहणारं क्रीम असेल तर तेलकट कातडीनं ते टाळावं. तोच घटक फेसवॉशमध्ये असेल तर अर्ध्या मिनिटात वाहून जातो, मी सोडून देते. मिनरल ऑइल आणि पेट्रोलियम जेली यांना लोक फार घाबरतात, पण प्रसाधनाच्या दर्जाचं मिनरल ऑइल रंध्रं तुंबवत नाही, पेट्रोलियम जेलीही नाही. चिकट वाटते म्हणून नको असेल तर गोष्ट वेगळी.

आणि नवं काहीही एका वेळी एकच सुरू करा. मी नऊ वस्तू एकदम काढल्या होत्या, म्हणून मला काहीच कळलं नव्हतं. बूच बसायला आठवडे लागतात, त्यामुळं आज लावलं आणि उद्या पुळी आली तर बहुतेक वेळा दोष त्या क्रीमचा नसतो.

टिळकवाडीहॉस्टेल

ताई, मुरुमाच्या बेंझॉइल पेरॉक्साइड मलमाबद्दल पण लिहा ना. मी पाच टक्के आणलंय आणि तोंड जळतंय.

अनगोळकरीण

अडीच टक्क्यांचं घे. अभ्यासात ते पाच आणि दहाइतकंच चाललं आणि जळजळ कमी झाली. पातळ थर, आधी एक दिवसाआड. आणि उशीला पांढरा अभ्रा घाल, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, तोवर धीर धर. खोल, दुखणाऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडत असतील तर मात्र वाट बघू नकोस, सरळ डॉक्टरांकडं जा.

उद्यमबागटर्नर

सांगायला आलो. आमच्या शॉपमधल्या पाच जणांनी एप्रन मागितले, मालकानं दिले. मांड्यांवर नवीन पुळी तीन आठवड्यांत दोनच. हातावरचे काळे ठिपके अजून हायत, डॉक्टरनं रात्री लावायला दिलंय.

शहापूरचीमाई

आम्ही जाऊन आलो. डॉक्टर रागावले नाहीत, याचंच बहिणीला रडू आलं. त्यांनी स्टेरॉइड कसं कमी करत बंद करायचं ते कागदावर लिहून दिलं, पोटातून एक गोळी, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. बाकी तोंडाला काहीही नाही. फेशियल नाही, ब्लीच नाही, उटणं नाही, साय नाही, लिंबू तर मुळीच नाही. पहिले बारा दिवस फार वाईट गेले. ती रात्री गालावर ओला रुमाल धरून बसायची. आता आग कमी आहे. लाली आहे, पुळ्या निम्म्या झाल्यात. डॉक्टर म्हणाले पूर्ण बरं व्हायला काही महिने जातील, लग्नापर्यंत सगळं जाईल असं वचन देणार नाही.

एक विचारायचं होतं. हळदीचं काय करायचं? आमच्याकडं हळद तेलात कालवून पाच सवाष्णी आधी गालाला लावतात. घरात यावरून दोन मतं झालीत.

अनगोळकरीण

माई, गालाला नको. या अवस्थेत हळद, तेल आणि दहा जणींचे हात यांतलं काहीच त्या कातडीला सोसणार नाही. डॉक्टरांना विचारून पाय, हात, खांदे एवढ्यावर लावा. सवाष्णींना आधीच घरी जाऊन सांगा, म्हणजे ऐन वेळी कुणी प्रेमानं गालाला बोट लावणार नाही. आमच्या सासूबाई शेजारी बसून हे वाचतायत. त्या म्हणतात, त्यांच्या माहेरी गडहिंग्लजकडं हळद पायापासूनच चढवत नेतात, गुडघा, खांदा, आणि मग तोंड. तोंडाशी थांबलं तर कुणाला खटकायचं कारण नाही.

शहापूरचीमाई

आईला वाचून दाखवलं. पायापासून सुरू करायचं ठरलं. मोठ्या काकूंना उद्या मी स्वतः जाऊन सांगते.